शेषरावकाकांच्या रायफलीची तारीख

वडनेर भोलजी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय धम्माताई,

ऑगस्टपासून तुझे चार निरोप आले आणि चारही वेळा मी 'शोधतोय ताई, सापडलं की कळवतो' एवढंच लिहिलं. ते खोटं होतं. तू मागितलेली तारीख मला सहाव्या दिवशीच सापडली होती. ती तुला का कळवली नाही हे सांगायला दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा तुझ्या वर्गातला पोरांचा गलका ऐकून 'नंतर करतो' म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. शाळेत उघडू नकोस, घरी जाऊन, हातपाय धुऊन निवांत बसून वाच.

मी काय काम करतो ते गावात कोणालाच धड सांगता येत नाही. आई शेजारणींना 'कॉम्प्युटरवर लढाया लिहितो' असं सांगते आणि ते फारसं चूक नाही. बंगळूरच्या एका लहानशा कंपनीचा संगणकावरचा युद्धाचा खेळ आहे. सत्तेचाळीसपासून नव्व्याण्णवपर्यंतच्या लढाया त्यात आहेत. खेळणारा सेनापती होतो, पलटणी हलवतो, जिंकतो किंवा हरतो. कोणत्या पलटणीकडे कोणत्या महिन्यात कोणतं हत्यार होतं ते शोधून तक्त्यात भरायचं, हे माझ्याकडे. एखादी तोफ खऱ्यापेक्षा सहा महिने आधी दिसली तर हे खेळणारे लोक पानपानभर तक्रारी लिहितात. आणि तारीख सहज सापडत नाही. एकाच रायफलीच्या तीन तारखा असतात. सरकारनं मंजूर केल्याची एक, कारखान्यातून माल निघाल्याची दुसरी, आणि शिपायाच्या हातात पडल्याची तिसरी. पहिल्या दोन कुठेतरी छापलेल्या मिळतात. तिसरीसाठी पलटणींचे इतिहास, संचलनांचे जुने फोटो, निवृत्त सुभेदारांचे फोन, असं बरंच काही धुंडाळावं लागतं. बाबांच्या डायलिसिससाठी पुणे सोडून आलो तेव्हा इथे माडीवर बसून करता येईल असं हे एकच काम हाताशी होतं. ते मला आवडायचंही. कोण जिंकलं, कोण मेलं याच्याशी माझा संबंध नव्हता. मला फक्त महिना आणि साल हवं असायचं.

त्यामुळे तू अर्जाची फाइल पाठवलीस आणि लिहिलंस, 'संघर्ष, तुझं तर कामच हे आहे, माझ्या बाबांच्या रायफलीबद्दल एक पक्का कागद काढून दे,' तेव्हा मला खरंच बरं वाटलं. तुझी आई, आमची कलामावशी गेल्यापासून तीन वर्षं तू एकटी हे लढते आहेस. धामणगाव बढ्याहून शाळा सांभाळून लष्करी न्यायाधिकरणासाठी मुंबईच्या खेपा घालतेस, आणि आमच्या घरातून कोणी तुझ्यासोबत एकदाही गेलं नाही, हे मला माहीत आहे. निदान एवढं तरी आपल्याला जमेल असं वाटलं. मी तुझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. 'एप्रिल १९८८ मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत असताना, हातातील इन्सास रायफल ऐनवेळी अडकल्यामुळे शिपाई शेषराव हिवराळे यांना गोळी झाडता आली नाही व ते मृत्युमुखी पडले.' या वाक्याखाली तू पेनानं रेघ मारली होतीस. हत्यार सदोष होतं, माझा बाप कमी पडला नाही, एवढं सरकारनं लिहून द्यावं, बाकी काही नको, असं तू म्हणाली होतीस.

ताई, अठ्ठ्याऐंशी साली ती रायफल कोणत्याच शिपायाच्या हातात नव्हती. ती पलटणींमध्ये पोचली नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. शांतिसेनेतले आपले लोक जुनी एसएलआर घेऊन गेले होते, लांब, जड, लाकडी दस्त्याची. पुराव्यासाठी मला फार लांब जावंही लागलं नाही. तुमच्या घरात भिंतीवर जो फोटो आहे, समुद्राच्या कडेला शेषरावकाका आणि बाबा उभे आहेत तो, त्यात काकांच्या हातात तीच आहे. आपण दोघं तो फोटो लहानपणापासून बघत आलो आणि रायफल कधी बघितलीच नाही. नव्या रायफलीचं नाव या गोष्टीत कधी शिरलं, त्याचाही मी माग काढला. कारगिलच्या वेळी पेपरात तिच्याबद्दल उलटसुलट छापून यायचं. त्यानंतरच्या सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेत तुळशीराम गुरुजींनी भाषणात ते नाव घेतलं, आणि पुढे सगळं गाव तेच म्हणू लागलं. तूही.

सुनावणीत समोरच्या वकिलानं पहिल्याच मिनिटाला हे काढलं असतं आणि तुझा अर्ज तिथेच पडला असता. म्हणजे मी तुला लगेच कळवायला हवं होतं. पण मला आधी बाबांकडून पक्कं करून घ्यायचं होतं, कारण त्या दिवशी काकांच्या मागे दहा पावलांवर तेच होते. आणि खोटं कशाला बोलू, मला थोडी मिजासही चढली होती. आयुष्यभर ऐकलेल्या गोष्टीतली चूक मी पकडली होती. सप्टेंबरातली सकाळ होती. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यासमोर कागद धरले आणि म्हणालो, तुम्ही सांगत आलात ते तारखेत बसत नाही. त्यांनी कागद हातात घेतलेच नाहीत. म्हणाले, "म्या रायफलीचं नाव कधीच घेतलं नाही. लोकायनं घेतलं." ते खरंच होतं. मी म्हणालो, मग एसएलआर अडकली होती असं लिहू का, ती तर सहसा अडकत नव्हती असं सगळे जुने सुभेदार सांगतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कागद गोळा केले. त्यानंतर सहा आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. गोळ्या दे, गाडी काढ, पंखा बंद कर.

त्या सहा आठवड्यांत मला एक दिवस पुन्हा पुन्हा आठवत राहिला. तुलाही आठवत असेल, पण वेगळा. बाबा फौजेतून सुट्टीवर आले की बूट काढायच्या आधी तुमच्याकडे यायचे. कलामावशीच्या हातची भाकरी खायचे, तुला खांद्यावर घेऊन बस स्टँडपर्यंत नेऊन आणायचे, आणि मी घरी रुसून बसायचो, कारण माझ्या आधी तुझा नंबर लागायचा. शहाण्णव साली तू आठवीत गेलीस. बाबा आले आहेत कळल्यावर तू नवा गणवेश घालून, लाल रिबिनींच्या दोन वेण्या घालून, स्कॉलरशिपचा निकाल दाखवायला आमच्याकडे पळत आलीस. बाबा दारातच बसले होते. त्यांनी तुला पाहिलं, उठले, आणि मागच्या दारानं निघून गेले. तू हातात कागद धरून उभी राहिलीस. आईनं तुला गूळ-शेंगदाणे दिले, ते न खाताच तू परत गेलीस. त्यानंतर बाबा तुमच्या घराची पायरी कधीच चढले नाहीत. सुट्टीवर आले की तुमची गल्ली टाळून मारुतीच्या पाराकडून यायचे. कलामावशी विचारायची, 'भाऊजी काऊन येत नाहीत?' आणि आई काहीबाही सांगायची. मावशी गेली तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, 'माणिकराव काकांना मेलेल्या मित्राचं घर जड झालं.' मलाही तसंच वाटत होतं. फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. त्या दिवशी ते घरी नव्हते. हातपंपाजवळच्या दगडावर उन्हात बसून होते, मावशीची तिरडी जाईपर्यंत. मीच त्यांना धरून घरी आणलं.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी आम्ही खामगावहून डायलिसिस करून परत येत होतो. नांदुऱ्याच्या अलीकडे एका टपरीवर गाडी थांबवली. बाबांना दिवसाला पाणी मोजून मिळतं, म्हणून चहाचे दोन घोट घ्यायचे आणि उरलेला मला द्यायचा, असं आमचं ठरलेलं. त्या दिवशी त्यांनी कप तोंडाला लावलाच नाही. गाडीतच बसून राहिले. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "तुले ते रायफलीचं पाह्यजे न." आणि समोरच्या काचेकडे बघत सांगू लागले. त्यांचे शब्द मला जसे आठवतात तसेच लिहितो, माझे त्यात घालत नाही.

"ताडाच्या झाडायमधून पायवाट होती. शेषराव म्होरं, म्या मांगं. बाकीचे लय मांगं राह्यले होते. झोपडीच्या आडून एक पोट्टी निंघाली. हातात बंदूक. तिच्याहून बंदूकच मोठी दिसे. शेषरावनं रायफल खांद्याले लावली. बोट घोड्यावर होतं, म्या पाह्यलं. पण त्यानं नाही चालवली." मी विचारलं, अडकली होती का. तर म्हणाले, "नाही बे. चांगली होती रायफल. त्यानं चालवलीच नाही. मंग तिनं चालवली. मंग म्या."

ताई, हे वाचून थोडं थांब. मीही तिथे थांबलो होतो. टपरीवाला पैसे मागायला आला आणि माझ्या तोंडाकडे बघून तसाच परत गेला.

पुढचं बाबांनी भराभर सांगितलं, जणू थांबले असते तर राहूनच गेलं असतं. बाकीचे जवान पोचायला चार-पाच मिनिटं लागली. तेवढ्या वेळात बाबांनी काकांच्या हातातली रायफल काढून घेतली. स्वतःच्या रायफलीतून उडालेलं रिकामं काडतूस जमिनीवर पडलं होतं, ते उचललं, काकांच्या रायफलीत आडवं घातलं आणि दगडानं ठोकून अडकवून टाकलं. म्हणाले, "सुभेदार येऊन पाहीन तं म्हणीन, हिवराळे डरला, हात चालला नाही. शेषराव डरला नव्हता. म्या त्याच्यासंग पाच वर्षं काढली, मले मालूम आहे न." मग सुभेदार आले, रायफल पाहिली, अडकलेली दिसली, तसं लिहिलं गेलं. सुट्टीवर आल्यावर बाबांनी कलामावशीलाही तेच सांगितलं, बंदूक अडकली. बस, तेवढंच. पुढची सगळी गोष्ट गावानं रचली.

मी विचारलं, काकांनी का नाही चालवली. म्हणाले, "मले काय मालूम. त्याले इचारायले भेटलंच नाही." त्या पोरीचं वय विचारलं. म्हणाले, "तेरा-चौदा. दोन वेण्या होत्या. आपली धम्मी आठवीत गेली होती न, तेवढी." आणि मग अगदी हळू म्हणाले, "म्या जवळ गेलो होतो तिच्या. थोडा वेळ जिती होती. काहीतरी म्हणत होती. मले तिची भाषा नाही समजली." एवढं बोलून त्यांनी काच खाली केली आणि गाडी चालू करायची खूण केली.

आता तुला कळलं असेल, तुझ्या वेण्या बघून ते मागच्या दारानं का गेले. त्यांना तुमचं घर जड झालं नव्हतं. तुझी उंची, तुझं वय, तू दारात उभी राहिलीस ते, तेवढंच त्यांना बघवलं नाही. पुढे तू मोठी झालीस, शिक्षिका झालीस, तेव्हा यायला हवं होतं. पण एवढ्या वर्षांनी कोणत्या तोंडानं यायचं ते त्यांना सुचलं नाही. हे मी त्यांची बाजू घेऊन लिहीत नाही. आठवीतल्या मुलीकडे बाबांनी पाठ फिरवली, त्याचं काय झालं असेल ते मी पाहिलं आहे. तू त्यानंतर आमच्याकडे निकाल दाखवायला कधी आली नाहीस.

अर्जाचं मी बरेच दिवस डोक्यात घोळवलं. माझ्या परीनं सांगतो. रायफलीचं नाव बदलून तू दुरुस्ती दाखल केलीस, तर तारीख बसेल. पलटणीच्या कागदात रायफल अडकलेली होती अशी नोंद असेलच, आणि ती तुझ्या बाजूनं बोलेल. तिला तसं बोलायला बाबांनीच लावलं आहे. कदाचित तू जिंकशील. कोणाला काही कळणार नाही, आणि मी कधी तोंड उघडणार नाही. किंवा तू अर्ज मागे घेशील. तारखेचा पक्का कागद, फोटोची मोठी प्रत आणि दोन जुन्या सुभेदारांची सही केलेली निवेदनं या पत्रासोबत ठेवली आहेत. त्यातलं काय वापरायचं, काय फाडायचं ते तुझं तू ठरव. मी एवढंच म्हणतो की तू ज्याच्यासाठी भांडते आहेस ते, म्हणजे माझा बाप कमी पडला नाही हे, त्यासाठी रायफल खराब असायची गरज नव्हती. पण हे मला माडीवर बसून म्हणायला सोपं आहे. बाप तुझा गेला. पाच वर्षांची होतीस तू. त्यांनी घोडा ओढला असता तर ते घरी आले असते, हेही तितकंच खरं आहे, आणि हे कळल्यावर तुला त्यांचा राग आला तर मी तुला काय सांगणार.

माझं म्हणशील तर कंपनीनं श्रीलंकेच्या भागासाठी आणखी एक रकाना भरायला पाठवला होता. दमट हवेत शंभरातल्या किती वेळा एसएलआर अडकेल, त्याचा आकडा. पंधरा दिवस तो रकाना मोकळा ठेवला आणि शेवटी कळवलं की हा भाग दुसऱ्या कोणाला द्या. त्यांनी कारण विचारलं. तब्येतीचं सांगितलं.

आणि आता हे पत्र आजच का लिहितोय ते. गाडी घराशी थांबल्यावर बाबांनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "हे तिले सांगजो. पण म्या गेल्यावर. आधी नको." मी शब्द दिला. तो पाळायचा म्हणूनच त्यानंतरही तुला टोलवत राहिलो. पण गेल्या गुरुवारी खामगावला जायची वेळ झाली तेव्हा बाबा उठलेच नाहीत. "आता पुरे झालं," म्हणाले. आईनं हातापाया पडून पाहिलं, मी डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी तो कानाला लावलाही नाही. डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर फार तर आठ-दहा दिवस. त्यातले पाच गेले. ते गेल्यावर मी तुला सांगितलं, तर तुझ्याकडे फक्त माझं सांगणं उरेल. तुला काही विचारायचं असेल, शिव्या द्यायच्या असतील, किंवा काकांचं शेवटचं जरा नीट ऐकायचं असेल, तर ते सांगणारा माणूस अजून जिवंत आहे. म्हणून शब्द मोडतोय. हे पत्र टपालात टाकत नाही, टेम्पोवाला ज्ञानेश्वर उद्या माल घेऊन मोताळ्याकडे निघतोय, तो शाळेत आणून तुझ्या हातात देईल. तू येशील हे मी बाबांना सांगितलेलं नाही. कळलं असतं तर त्यांनी मला लिहूच दिलं नसतं, आणि तू दारात दिसलीस की ते माझ्यावर चिडतील, तोंड फिरवतील, हेही धरून चल. या वेळी मागच्या दारानं जायची ताकद त्यांच्यात नाही. यायचं असेल तर सकाळी ये, दहाच्या आत. दुपारनंतर त्यांना माणसं ओळखू येत नाहीत.

तुझाच धाकटा,
संघर्ष